क्रूझवरून उतरून आपलं आपण फिरायचं असेल तर: भूमध्य समुद्रातल्या बंदरांसाठी नियोजन

क्रूझच्या माहितीपत्रकात ‘रोम’ असं ठळक अक्षरांत छापलेलं असतं, पण जहाज काही रोमला जात नाही. ते चिविताव्हेक्क्या नावाच्या बंदराला लागतं आणि तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, ‘अथेन्स’ म्हणजे पिरेयस, ‘इफेसस’ म्हणजे कुशादासी. व्हेनिसचं तर विचारूच नका. ऑगस्ट 2021 पासून मोठ्या जहाजांना जुदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे, त्यामुळे ‘व्हेनिस’ लिहिलेली कित्येक जहाजं मार्गेरा, त्रिएस्ते किंवा रावेन्नाला लागतात. तेव्हा पहिलं काम म्हणजे बुकिंगच्या कागदावर शहराचं नाव सोडून बंदराचं नाव शोधायचं आणि नकाशावर दोन्हींमधलं अंतर मोजायचं.

जहाजाची स्वतःची सहल घेतली की बस धक्क्यावरच उभी असते, गाइड मिळतो, आणि परतायला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा पुढची सोय करून देतं. पैसे मोजायचे ते मुख्यतः या हमीचे. आपलं आपण फिरलं तर खर्च बराच कमी होतो, चार जणांच्या कुटुंबाला तर फरक फारच जाणवतो. पन्नास माणसांमागून गाइडची छत्री बघत चालावं लागत नाही ते वेगळंच. पण उशीर झाला तर जहाज निघून जातं. म्हणून हा निर्णय सगळ्या सफरीसाठी एकदाच घेऊ नये, प्रत्येक बंदरासाठी वेगळा घ्यावा. शहर धक्क्याला लागून असेल तर जहाजाची सहल घ्यायचं काही कारण नाही. शहर दीड तास आत असेल, सोबत वयस्कर माणसं असतील आणि परतीचा रस्ता एकच असेल, तर पैसे मोजलेले बरे.

दिवस शेवटाकडून आखायचा

बहुतेक लोक सकाळपासून नियोजन सुरू करतात: सातला जहाज लागेल, आठला निघू, हे बघू, ते बघू. ते उलटं करा. आधी ‘ऑल अबोर्ड’ची वेळ बघा. ही जहाज सुटण्याची वेळ नव्हे. जहाज सुटण्याआधी अर्धा तास, काही ठिकाणी तासभर, सगळ्यांनी आत असायला हवं असतं, आणि ती वेळ आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या दैनिक पत्रकात किंवा जहाजाच्या अ‍ॅपमध्ये असते. त्या वेळेतून एक तास राखीव म्हणून वजा करायचा आणि तिथून मागे मागे यायचं.

रोमचंच उदाहरण घेऊ. समजा जहाज सकाळी 7 ला लागणार आणि संध्याकाळी 7 ला सुटणार. ऑल अबोर्ड साडेसहा. एक तास राखीव, म्हणजे जहाजाच्या शिडीशी साडेपाचला पोहोचायचं. चिविताव्हेक्क्या स्टेशनपासून बंदराच्या फाटकापर्यंत चालायचं, तिथून बंदराची शटल बस पकडून जहाजापर्यंत यायचं, याला पाऊण तास धरा. म्हणजे पावणेपाचला स्टेशनवर उतरलेलं असायला हवं. रोमच्या सान पिएत्रो स्टेशनवरून साध्या गाडीला पाऊण-एक तास लागतो, म्हणजे साधारण पावणेचारची गाडी. आता यातली खरी युक्ती: ही गाडी आपली समजायचीच नाही. तिच्या आधीची गाडी आपली. गाड्या साधारण अर्ध्या-अर्ध्या तासाने असतात, म्हणजे सव्वातीन. एखादी गाडी चुकली किंवा रद्द झाली तरी धावपळ नको.

आता सकाळ. सातला जहाज लागलं तरी परवानगी मिळून लोक उतरायला लागेपर्यंत साडेसात होतात. शटलने लार्गो देल्ला पाचे या थांब्यावर यायचं, तिथून स्टेशनला बस मिळते किंवा पंधरा-वीस मिनिटं चालायचं. साडेआठ-पावणेनऊची गाडी धरली तर साडेनऊला सान पिएत्रो. हाताशी उरले साडेपाच तास, त्यात जेवण आणि चालणं आलं. साडेपाच तासांत व्हॅटिकन म्युझियम, सेंट पीटर्स, कोलोसियम आणि ट्रेव्हीचं कारंजं हे सगळं होत नाही. एक मोठी गोष्ट आत जाऊन आणि दोन गोष्टी बाहेरून, एवढंच होतं.

कुठे उतरायचं ते त्या एका मोठ्या गोष्टीवरून ठरतं. व्हॅटिकन बघायचं असेल तर सान पिएत्रोला उतरा, तिथून सेंट पीटर्सचा चौक दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. म्युझियमचं दार मात्र चौकात नाही, भिंतीला वळसा घालून उत्तरेला आहे, त्याला आणखी पंधरा-वीस मिनिटं लागतात. कोलोसियम बघायचं असेल तर रोम ओस्तिएन्सेला उतरायचं, शेजारच्या पिरामिदे स्टेशनवरून मेट्रोची बी लाइन पकडायची, दुसरा थांबा कोलोसेओ. बहुतेक प्रवासी सवयीने टर्मिनी या रोमच्या मुख्य स्टेशनपर्यंत जातात आणि तिथून परत मागे येतात, त्यात वेळ फुकट जातो.

तिकिटासाठी ‘बीआयआरजी’ नावाचं दिवसभराचं प्रादेशिक तिकीट मागा. त्यात चिविताव्हेक्क्याची साधी गाडी आणि रोममधली मेट्रो-बस सगळं येतं, मध्यरात्रीपर्यंत चालतं. कागदी तिकीट घेतलंत तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारायला विसरू नका. तिकीट खिशात असूनही शिक्का नाही म्हणून दंड होतो आणि ‘आम्ही पाहुणे आहोत’ हे तपासनीसाला सांगून उपयोग नसतो. मोबाइलवर तिकीट काढलं असेल तर प्रवासाआधी त्याचं चेक-इन करावं लागतं.

वार, सुट्ट्या आणि संप

व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडं आणि फुकट, आणि म्हणूनच तुडुंब. पोप रोममध्ये असतील तर बुधवारी सकाळी त्यांचं जाहीर दर्शन असतं, तेव्हा सेंट पीटर्समध्ये सकाळी आत जाता येत नाही. फ्लॉरेन्सचं उफ्फित्सी हे चित्रसंग्रहालय आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड जिथे आहे ती अकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद. माल्टाची राजधानी व्हॅलेटा, तिथल्या सेंट जॉन्स को-कॅथेड्रलमध्ये कॅराव्हाज्जोचं 1608 सालचं प्रचंड मोठं चित्र आहे, पण रविवारी पर्यटकांना प्रवेश नाही. क्रूझचं बुकिंग करताना तारखेबरोबर प्रत्येक बंदराचा वारही लिहून काढा, म्हणजे या गोष्टी आधीच दिसतात.

इटलीत रेल्वेचे संप होतात, पण ते आधी जाहीर केलेले असतात. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळांत ठरावीक साध्या गाड्या चालवाव्या लागतात. ऐकायला बरं वाटतं, पण क्रूझच्या प्रवाशाला याचा अर्थ असा की जायला गाडी मिळेल आणि यायला मिळणार नाही, कारण संध्याकाळी सहाला आपण जहाजात असायला हवं. निघण्याच्या आठवड्यात इटालियन रेल्वेचं संकेतस्थळ एकदा बघून घ्या. संपाचा दिवस असेल तर त्या बंदरापुरती जहाजाची सहल घेऊन मोकळं व्हा.

तिकिटं आधी काढायची ती वेळेची. कोलोसियम, व्हॅटिकन म्युझियम, बार्सिलोनाचं साग्रादा फमिलिया चर्च आणि अथेन्सचं अ‍ॅक्रोपोलिस, या सगळ्यांना ठरावीक वेळेचं तिकीट लागतं. कोलोसियमच्या तिकिटावर नाव असतं, ओळखपत्र दाखवावं लागतं. अ‍ॅक्रोपोलिसला 2023 पासून दिवसाला 20,000 माणसांची मर्यादा आहे, पॉम्पेईलाही नोव्हेंबर 2024 पासून तेवढीच, आणि तिथेही तिकीट नावानिशी. जहाज लागण्याच्या वेळेनंतर निदान तीन तासांनी रोमचं तिकीट घ्या. जहाज उशिरा लागणं ही नवलाची गोष्ट नाही, आणि वेळ टळली म्हणून तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत.

नेपल्स: जिथे आपलं आपण जाणंच सोयीचं

नेपल्सला जहाज भर शहरात लागतं. स्तात्सिओने मारित्तिमा या क्रूझ टर्मिनलमधून बाहेर पडलं की समोर तेराव्या शतकातला किल्ला आणि त्याच्या बाजूला म्युनिचिपिओ मेट्रो स्टेशन. पॉम्पेईचे प्राचीन अवशेष बघायला मेट्रोच्या लाइन 1 ने गारिबाल्दी स्टेशनला जायचं आणि ‘चिर्कुमव्हेसुव्हियाना’च्या पाट्या बघत खाली उतरायचं. ही व्हेसुव्हियस ज्वालामुखीला वळसा घालणारी लोकल. सोरेन्तोकडे जाणारी गाडी पकडायची आणि ‘पॉम्पेई स्काव्ही – व्हिल्ला देई मिस्तेरी’ या स्टेशनवर उतरायचं. पूर्ण नाव वाचूनच उतरा, कारण नुसतं ‘पॉम्पेई’ नावाची आणखी स्टेशनं दुसऱ्या मार्गांवर आहेत आणि गाडीही दुसऱ्या फाट्याची असू शकते. साधारण पस्तीस-चाळीस मिनिटांचा प्रवास आहे. स्टेशनबाहेर आलं की पोर्ता मरीना हे प्रवेशद्वार समोरच.

गाडी जुनाट असते, उन्हाळ्यात खच्चून भरलेली असते, आणि मुंबईच्या लोकलमध्ये वाढलेल्यांना तिची भीती वाटायचं कारण नाही. पाकीट मात्र पुढच्या खिशात आणि पिशवी पोटावर. खिसेकापू चढतात ते दारं बंद व्हायच्या वेळच्या रेटारेटीत. पासपोर्टची प्रत, थोडी रोकड आणि एक कार्ड एवढंच बरोबर ठेवा.

पॉम्पेईत 30 बाय 30 बाय 15 सेंटिमीटरपेक्षा मोठी पिशवी आत नेता येत नाही. सावली जवळजवळ नाहीच. इसवी सन 79 मध्ये राखेखाली गेलेल्या शहराचे रस्ते मोठमोठ्या दगडांचे आहेत, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या त्यात खोल गेलेल्या दिसतात. चपला घालून आलेल्या माणसाचे पाय तासाभरात बोलायला लागतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना मी पॉम्पेईऐवजी त्याच वेळी गाडलं गेलेलं हर्क्युलेनियम सुचवीन. तीच लोकल, पण ‘एर्कोलानो स्काव्ही’ला उतरायचं, वेळ निम्माच लागतो. जागा लहान, गर्दी कमी, आणि इथे लाकडी तुळया, जिने, दारंसुद्धा टिकून राहिली आहेत. दोन-अडीच तासांत बघून होतं. स्टेशनवरून उताराने दहा मिनिटं चालायचं, येताना तोच चढ.

काप्रीचा मोह इथे पुष्कळांना होतो, कारण वेगवान बोटी जहाजाच्या शेजारच्या मोलो बेव्हेरेल्लो धक्क्यावरूनच सुटतात. जावं, पण परतीचं तिकीट जातानाच काढावं आणि शेवटच्या बोटीवर विसंबू नये. वारा सुटला की बोटी रद्द होतात, आणि बेटावरून दुसरा रस्ता नाही.

बाकीची बंदरं, थोडक्यात

लिव्होर्नो हे मालवाहतुकीचं बंदर, त्यामुळे आतून चालत बाहेर पडता येत नाही. शटलने गावात, तिथून बसने स्टेशन, मग गाडी. पिसाला पंधरा-वीस मिनिटं लागतात, फ्लॉरेन्सला सव्वा ते दीड तास. सगळा हिशेब केला तर फ्लॉरेन्समध्ये जेमतेम चार तास मिळतात. फ्लॉरेन्स ज्यांनी पाहिलंय त्यांनी पिसा आणि लुक्का करावं. लुक्काच्या जुन्या तटावर चार किलोमीटरचा रुंद रस्ता आहे, सायकल भाड्याने मिळते.

पिरेयसहून अथेन्सला जायला 2022 पासून मेट्रोची लाइन 3 सुद्धा आहे. क्रूझच्या धक्क्यांना ‘दिमोतिको थेआत्रो’ हे स्टेशन जुन्या हिरव्या लाइनच्या स्टेशनपेक्षा सोयीचं पडतं. मोनास्तिराकीला उतरा. अ‍ॅक्रोपोलिस सकाळी लवकर करा. उन्हाची लाट आली की सरकार भर दुपारी काही तास ते बंद ठेवतं, हे अलीकडच्या उन्हाळ्यांत घडलेलं आहे.

सॅन्टोरिनीला धक्का नाही, जहाज समुद्रात उभं राहतं आणि छोट्या बोटींनी उतरवतात. या बोटींना टेंडर म्हणतात. जहाजाच्या सहलीवाल्यांना आधी सोडतात, बाकीचे क्रमांकाची चिठ्ठी घेऊन बसतात. जुन्या बंदरावरून वर ‘फिरा’ या मुख्य गावाला जायला केबलकार, गाढवं किंवा सहाशेच्या आसपास पायऱ्या. गाढवांवर बसू नका. उन्हात दिवसभर वर-खाली करणाऱ्या त्या जनावरांचे हाल बघवत नाहीत. पायऱ्यांवर त्यांचंच शेण असतं, तेव्हा उतरताना जपून. दुपारनंतर केबलकारला परतीची मोठी रांग लागते, तास-दीड तासही जातो. म्हणून आधी बसने ‘इया’ हे गाव गाठा, पंचवीस मिनिटांचा रस्ता आहे, आणि दुपारपासूनचा वेळ फिरातच रांगेच्या जवळपास घालवा. जुलै 2025 पासून ग्रीस क्रूझ प्रवाशांकडून बंदर-शुल्क घेतं, सॅन्टोरिनी आणि मिकोनॉसला हंगामात माणशी 20 युरो. ते सहसा जहाजाच्या बिलातच लागतं, तेव्हा बिल बघून दचकू नका.

टेंडरच्या बंदरांबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या. वारा असेल तर जहाज ते बंदर सरळ वगळतं. अशा ठिकाणी पैसे परत न मिळणारं काहीही आगाऊ घेऊ नका.

तुर्कस्तानातल्या कुशादासीहून इफेससचे प्राचीन अवशेष वीसेक किलोमीटर. टॅक्सी ठरवा आणि वरच्या फाटकाशी सोडायला, खालच्या फाटकाशी घ्यायला सांगा. म्हणजे सगळा उतार, शेवटी सेल्ससचं ग्रंथालय. उलटं केलंत तर संगमरवरी चढ चढत बसाल. क्रोएशियातल्या दुब्रोव्निकला जहाज ग्रूझ बंदराला लागतं, जुनं शहर तीन किलोमीटरवर, 1ए किंवा 1बी बसने पिले दरवाजा. बसचं तिकीट ड्रायव्हरकडून महाग, टपरीवर स्वस्त. दुपारी परतीच्या रस्त्यावर वाहनं तुंबतात, तेव्हा सरळ चालत निघावं. बार्सिलोनाला बंदराची निळी बस कोलंबसच्या पुतळ्यापाशी सोडते. मार्सेयचा क्रूझ धक्का गावापासून फार लांब आहे, शटल लागतेच. व्हॅलेटाला काहीच नियोजन नको: धक्क्यावरून थोडं चालून अप्पर बराक्काची लिफ्ट घ्या, वर बागेत पोहोचाल, आणि दुपारी बाराला तोफ उडताना बघा.

व्हिसा, पासपोर्ट आणि घड्याळ

भारतीय पासपोर्टवाल्यांनी शेंगेन व्हिसा (युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) मल्टिपल एन्ट्रीचाच, म्हणजे पुन्हा पुन्हा आत येता येईल असा, मागावा. इटलीहून माँटेनेग्रोतल्या कोटोरला किंवा तुर्कस्तानात जाऊन ग्रीसला आलात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडून परत आत आलात असं धरलं जातं. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये आहे, तिथे हा प्रश्न नाही. शेंगेनबाहेरच्या प्रत्येक बंदरासाठी काय लागतं ते क्रूझ कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या, एजंटच्या तोंडी भरवशावर राहू नका. कंपनीने जहाजावर चढूच दिलं नाही तर पैसे परत मिळत नाहीत.

काही जहाजं चढतानाच आपले पासपोर्ट ठेवून घेतात. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानाची रंगीत प्रत बरोबर ठेवा, फोनमध्येही ठेवा. नावाच्या तिकिटांना ओळखपत्र म्हणून काय चालेल ते त्या त्या संकेतस्थळावर आधी बघा.

घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावा. ग्रीस इटलीच्या एक तास पुढे आहे, आणि फोन स्वतःहून वेळ बदलतो, जहाज बदलेलच असं नाही. म्हणून हाताला साधं घड्याळ हवं. समुद्रात असताना फोन विमान मोडवर टाका, नाहीतर तो जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जाऊन चिकटतो आणि बिल बघून डोळे पांढरे होतात. युरोपचं ई-सिम घेताना माँटेनेग्रो आणि तुर्कस्तान त्यात आहेत का ते विचारा. नकाशे आधीच उतरवून घ्या.

खाण्याचं म्हणाल तर जहाजावरच्या बुफेतली फळं, सँडविच खाली नेऊ देत नाहीत. घरून आणलेली चिवड्याची, भाकरवडीची बंद पाकिटं चालतात. शाकाहाऱ्यांना इटलीत फोकाच्चा, नेपल्समध्ये चीजशिवायचा मारिनारा पिझ्झा, ग्रीसमध्ये पालकाची स्पानाकोपिता, तुर्कस्तानात गोझलेमे ही सारण भरलेली पोळी. रोममध्ये रस्तोरस्ती लोखंडी नळ आहेत, पाणी पिण्याचं आहे, बाटली भरून घ्या. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, एक ओढणी पिशवीत असली की भागतं.

आणि जहाज चुकलंच तर

दैनिक पत्रकावर बंदरातल्या एजंटचं नाव आणि फोन नंबर छापलेला असतो. खाली उतरण्याआधी त्याचा फोटो काढा, रोज, कारण प्रत्येक बंदराचा एजंट वेगळा. उशीर होतोय असं दिसताच त्याला फोन करा, जहाज सुटल्यावर नव्हे. माणसं आली नाहीत असं कळलं की पुष्कळदा जहाजावरचे लोक पासपोर्ट एजंटकडे देऊन निघतात. पुढच्या बंदराला पोहोचायचा खर्च आपला. विम्यात तो धरलाय का ते घरूनच बघून या आणि सगळ्या पावत्या जपून ठेवा.

हा धोका प्रत्येक बंदराला सारखा नसतो, म्हणून कार्यक्रमपत्रिकेत नेहमी पुढचं बंदर बघून ठेवावं. लिव्होर्नोनंतर चिविताव्हेक्क्या असेल तर किनाऱ्याकिनाऱ्याने रेल्वे आहे, रात्रीत गाठता येतं. बार्सिलोनानंतर मायोर्का बेटावरचं पाल्मा असेल तर विमान किंवा रात्रीची बोट शोधावी लागते. कोटोरनंतर ग्रीसचं बेट असेल तर मात्र सीमा आली, व्हिसा आला, विमानं बदलणं आलं. तिथे गावाच्या तटाबाहेर फार लांब जाऊच नका. कोटोरला तशी गरजही पडत नाही: जुनं गाव धक्क्याच्या समोर आहे आणि वरच्या किल्ल्याच्या 1,350 पायऱ्या सकाळचा वेळ खाऊन टाकायला पुरेशा आहेत.